जर्मलची सायकल

मला अजूनही अधूनमधून मोबाइलवर सायकलींचे फोटो येतात. पुण्या-नाशिककडची हौशी पोरं असतात. कुणाला भंगारात, कुणाला बंद बंगल्याच्या पडवीत एखादी जुनी परदेशी माउंटन बाइक सापडते आणि फोटोखाली प्रश्न असतो, "नाना, ही त्या कंपनीची पहिली अ‍ॅल्युमिनियमवाली आहे का? ओळखा ना." कंपनीचं नाव इथे लिहीत नाही. ज्यांना कळायचं त्यांना कळेल, बाकीच्यांचं काही अडत नाही. पोरांना वाटतं, नाना साल सांगतील, किती दुर्मीळ आहे ते सांगतील. मी उलट एवढंच विचारतो, "पुन्हा रंगवलेली आहे का?" रंगवलेली असेल तर भिंतीला टांगून ठेव, बसू नकोस, असं लिहून पाठवतो. पोरं हिरमुसतात. एकाने तर लिहिलं, "नाना, तुम्ही फार घाबरता बुवा."

घाबरतो. जन्मभर घाबरलो. धुळ्याला आग्रा रोडच्या मागच्या गल्लीत माझं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं आणि तिथे मी घाबरत घाबरतच म्हातारा झालो. सायकल दुरुस्त करून दिली, गिऱ्हाईक गल्लीच्या टोकाला गेलं, की मी मनात उजळणी सुरू करायचो: पुढच्या चाकाचा नट आवळला ना? एकदा एका दूधवाल्यामागे पान्हा घेऊन पांझरेच्या पुलापर्यंत पळत गेलो होतो. नट घट्टच होता. पुढे कित्येक वर्षं तो दुकानावरून जाताना आमच्या अहिराणीत ओरडायचा, "नाना, नट जागवर शे बरं!" आमची ही म्हणते, "तुम्ही बोहल्यावर बसायच्या आधीसुद्धा पाटाचे पाय हलवून बघितलेत." बघितले होते. एक डुगडुगत होता.

येणाऱ्या प्रत्येकाला मी एक वाक्य ऐकवायचो: "सायकल कुरकुरली की आधी उतर, मग विचार कर." गल्लीतली पोरं माझी नक्कल करत हे वाक्य म्हणायची. सगळ्यात जास्त थट्टा करायचा तो समोरचा आत्माराम पेंटर. सायकली, तिजोऱ्या, लोखंडी कपाटं रंगवण्यात त्याचा हात धरणारा धुळ्यात कुणी नव्हता. आमची मैत्री घट्ट, पण तो मला नावाने कधी हाक मारायचा नाही. "ओ भागूबाई, चहा पेवाले ये," अशी हाक रस्त्यापलीकडून यायची.

तर ही गोष्ट आत्मारामची, त्याच्या मुलाची आणि एका जर्मलच्या सायकलची आहे. आमच्याकडे अ‍ॅल्युमिनियमला जर्मल म्हणतात. घरोघरी जर्मलची पातेली असतात, पण जर्मलची सायकल त्या काळात कुणी पाहिली होती?

मी पाहिली होती. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर कधीतरी सोनगीरहून काशिनाथ आबांचा निरोप आला. आबांचा हायवेवर ढाबा होता. मुंबईहून आग्र्याकडे सायकलवर निघालेल्या एका गोऱ्या बाईला ट्रकचा हिसका बसला होता. बाईला फार लागलं नव्हतं, मात्र मागच्या चाकाची पार जिलबी झाली होती. मी हत्यारांची पिशवी घेऊन गेलो. रुंद टायर, सरळ हँडल, गिअर. फ्रेम उचलली आणि दचकलो. एवढी हलकी! आपली काळी सायकल उचलताना कंबरेला कळतं, ही एका हातात आली.

आता इथे धंद्यातली एक गोष्ट सांगायला हवी. पुढे जर्मलच्या सायकली सर्रास झाल्या, त्यांचे पाइप जाडजूड असतात. ते लांबूनही ओळखू येतात. पण त्या कंपनीच्या अगदी सुरुवातीच्या सायकलींचे पाइप आपल्या लोखंडी सायकलीइतकेच बारीक होते. शिवाय आपल्या सायकलीला जिथे दोन पाइप मिळतात तिथे जशी लोखंडी टोपणं असतात, तशीच टोपणं हिलाही होती. त्यामुळे नजरेला फरक कळत नसे. फरक आत होता. आपल्याकडे टोपणात पाइप बसवून पितळ वितळवून सांधतात. हिचे पाइप टोपणात चिकटवलेले होते. हो, डिंकाने कागद चिकटवावा तसे. डिंक अर्थात त्यांच्याकडचा, दांडगा.

मला हे त्या बाईनेच सांगितलं. तिला मराठी येत नव्हतं, माझं इंग्रजी म्हणजे 'येस' आणि 'नो'. एका सांध्यावर ओरखडा होता, म्हणून मी खुणेने विचारलं की इथे गॅस मारून पितळ भरू का? बाई ताडकन उठली. तिने आबांच्या टेबलावरची काडेपेटी घेतली, काडी ओढली, सांध्याजवळ नेली आणि फुंकून विझवून माझ्यासमोर बोट नाचवलं: नो. मग ताटातलं भाताचं एक शीत दोन बोटांत दाबलं, बोटं जुळवून दाखवली आणि सांध्याकडे बोट केलं. पतंग चिकटवणाऱ्या माणसाला शिताचा अर्थ सांगावा लागत नाही. मी मान डोलावली. आग नाही, चिकटवलंय. माझ्यासारख्या माणसाच्या डोक्यात अशी गोष्ट एकदा गेली की कायमची मुक्कामाला राहते.

बाई पुढे गेलीच नाही. तिला कावीळ झाली. आबांच्या घरच्यांनी तिची लेकीसारखी शुश्रूषा केली. बरी झाल्यावर ती मायदेशी परतली आणि जाताना सायकल अक्कांना, म्हणजे आबांच्या मंडळींना, देऊन गेली. अक्का काय सायकल चालवणार! नातवंडांनी चालवली. गिअर मोडले, त्यांचे भाग मिळेनात, म्हणून काढून टाकले. चाकं गेली, देशी चाकं आली. वरचं कंपनीचं नाव उन्हाने उडालं. पुढे ती माझ्याकडे यायची थांबली, आणि मीही विसरलो म्हणा.

नव्वदीची सुरुवात. सोनगीरच्या तरुण मंडळाने त्या वर्षी ठरवलं, घटस्थापनेला देवीची ज्योत आणायची. चोपड्याच्या वर सातपुड्यात देवीचं एक जुनं ठाणं आहे. ज्योत तिथे पेटवायची आणि पाळीपाळीने पळत गावापर्यंत आणायची, अशी आमच्याकडची रीत. पळणाऱ्याच्या मागेपुढे सायकलवाले, त्यांच्याकडे तेल, पाणी, फळं. सायकली एका रंगाच्या दिसाव्यात म्हणून मंडळाने सहा सायकली आत्मारामकडे आणून टाकल्या: सगळ्या भगव्या कर. सगळ्या रुंद टायरच्या, सरळ हँडलच्या. तेव्हा तसल्या देशी सायकलींची नवी टूम निघाली होती. आत्मारामची सासुरवाडी सोनगीरचीच, त्यामुळे त्याचा पंचविशीतला मुलगा भटू मामाच्या मंडळात सगळ्यांच्या पुढे. भटू तालमीत कमावलेला, आईवेगळा आणि एकुलता एक.

मी त्या आठवड्यात भाचीच्या आजारपणासाठी जळगावला होतो. परत आलो तो घटस्थापनेच्या दिवशी सकाळी. दुकान उघडायच्या आधी समोर चहाला गेलो. आत्माराम खुशीत होता. पोरं पहाटेच टेम्पोत सायकली घालून चोपड्याकडे गेली होती. बोलता बोलता माझी नजर त्याच्या शेडबाहेरच्या पिंपाकडे गेली.

त्या पिंपात कॉस्टिक सोड्याचं पाणी असे. जुनी फ्रेम त्यात बुडवली की रंग सालीसारखा सुटतो आणि खालचं लोखंड स्वच्छ निघतं. धुळ्यातले सगळे पेंटर असंच करायचे. पिंपाच्या कडेवरून काळा ओघळ आला होता, जमिनीवर काळा गाळ वाळला होता.

"हे काय रे?"

"काय सांगू तुले," आत्माराम हसत म्हणाला. "एक फ्रेम टाकी अन् सोड्याले दूधनामायक उकळी फुटनी. पिंप इतलं तापनं का हात लावता ये ना. सोडाच खराब लागना माले. फ्रेम झटकन बाहेर काढी."

माझ्या हातातला कप थांबला. लोखंड सोड्यात कधी उकळत नाही. आमच्या हिने एकदा जर्मलच्या पातेल्यात धुण्याचा सोडा उकळला होता, तेव्हा पातेलं काळंठिक्कर पडून त्याला भोक पडलं होतं. सोडा जर्मलला खातो.

"आत्माराम, त्यात आबांची सायकल होती का?"

"माले काय म्हाईत कोनती कोनी? सहा सायकली, सहाच्या सहा लोखंडी. मी चुंबक लायीसन देखं. टपकन चिटकनं."

"कुठे लावलंस?"

"चिमटाले."

मी कप पायरीवर ठेवून उठलो. चिमटा म्हणजे ज्यात पुढचं चाक बसतं तो भाग. त्या कंपनीने फ्रेम जर्मलची केली होती, पण चिमटा पोलादीच ठेवला होता. त्या सायकलीला चुंबक लावायची एकच चुकीची जागा होती आणि माझ्या मित्राने नेमकी तीच निवडली होती. मग ती फ्रेम सोड्यात उकळली. खड्डे पडले, ते त्याने लांबी, म्हणजे पेंटरांचा लेप, भरून गुळगुळीत केले. वर रंग मारून तो पक्का व्हावा म्हणून भट्टीत भाजली. बाईने काडी विझवून दाखवली होती ती माझ्या डोळ्यांपुढे आली. आधी सोड्याने पाइप खाल्ला, मग भट्टीने डिंक सोडवला. आणि वरून नव्या नवरीसारखा रंग.

मी हे सगळं सांगितलं. आत्माराम आधी हसला. "भागूबाई, सायकल शे ती, बाँब नही." मी म्हटलं, "उतारावर सांधा सुटला तर माणूस तोंडावर पडतो. देवीच्या घाटात पडला तर खाली दरी आहे." त्याचं हसू हळूहळू ओसरलं. मग तो एकच वाक्य बोलला.

"नाना, सहामाधली एक भटूकडे शे."

आयुष्यात पहिल्यांदा त्याने मला नाना म्हटलं होतं, आणि ते मला मुळीच आवडलं नाही.

शेजारच्याची फटफटी घेतली. आत्माराम चालवत होता, मी मागे. खिशात चुंबक, जुन्या लाउडस्पीकरमधून काढलेलं. फोन कुणाला करणार? डोंगरावर देवीशिवाय कुणी नव्हतं. नरडाणा गेलं, अमळनेर गेलं. आत्माराम रस्त्यावर नजर रोखून गाडी दामटत होता, त्यामुळे मला विचार करायला मोकळं रान मिळालं, आणि माझ्यासारख्याला तेच नको असतं. वरचा पाइप सुटला तर काय होईल, खालचा सुटला तर काय, मागचा सुटला तर काय. सहांतली एक, म्हणजे भटूकडे ती नसण्याचीच शक्यता जास्त. पण मग ती दुसऱ्या कुणाकडे असेल, आणि त्यालाही बाप असेलच. तापी ओलांडली, केळीचे मळे सुरू झाले. मळ्यामळ्यांतून गार वारा येत होता आणि मला घाम फुटत होता.

घाटाच्या पायथ्याशी एक म्हातारी नारळ आणि ओटीचं सामान घेऊन बसली होती. आत्मारामने गाडी बंदसुद्धा केली नाही.

"मावशी, भगव्या सायकली गयात का?"

"गयात ना, सकायमाच गयात. गाना म्हनत गयात."

"खाले उनात का परत?"

"आजून नही."

जिवात जीव आला. अजून वरच होते. घाट चढताना मी प्रत्येक वळणावर दरीकडे पाहायचं टाळत होतो आणि प्रत्येक वळणावर पाहत होतो.

वर देवळासमोर वडाखाली सायकली ओळीने उभ्या होत्या. भगव्या, चकचकीत, हँडलला झेंडूचे हार, प्रत्येकीला हळदीकुंकवाची बोटं. इतक्या सारख्या की त्यांच्या मालकांनाही ओळखू आल्या नसत्या. पोरं आरतीच्या तयारीत होती. मी चुंबक काढून पहिल्या सायकलीच्या मधल्या पाइपाला लावायला गेलो, तसा मंडळाचा अध्यक्ष धावत आला.

"नाना, पूजा व्हयेल शे. आते सायकलीस्ले हात लाऊ नका."

एरवी आत्माराम देवाधर्माचा कट्टर. नवरात्रात अनवाणी राहणारा. तो त्या पोराच्या अंगावर असा गेला की पोरगं मागे सरकलं. "बाजू व्हय! देवीमाय तिनं देखी लेई."

पहिलीला चुंबक चिकटलं. दुसरीला चिकटलं. तिसरीला लांबीचा थर जाड होता, चुंबक घसरलं. जागा बदलून लावलं, चिकटलं. चौथी, पाचवी. खट्, खट्. लोखंड. आत्मारामने डोळे मिटून देवीकडे हात जोडले आणि मोठ्याने हसला. "देख भागूबाई! उगाच माले..."

"सहावी कुठे आहे?" मी विचारलं.

अध्यक्षाने देवळामागे हात केला. "भटू लेईसन गया. तेलनी बाटली फुटनी ना टेम्पोमा. मांगला पाड्यावर तेल लेवाले गया."

देवळामागून पाड्याकडे जाणारी वाट मी पाहिली. आम्ही आलो तो घाट तरी डांबरी होता. ही खडीची, उभी, वळणावळणाची. एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला साग आणि त्याखाली काहीच नाही. फटफटी तिथे न्यायचा प्रश्नच नव्हता. आत्माराम पळत सुटला. मी मागे. त्याच्या पायात चप्पल नव्हती आणि खडी टोचतेय याचं त्याला भान नव्हतं. पहिल्या वळणावर टायरची रेघ दिसली, मध्येच ती वेडीवाकडी झाली होती आणि नंतर दिसेनाशी झाली. आत्माराम दरीच्या कडेला वाकून हाका मारायला लागला. "भटू! ओ भटू!" तशी हाक मी कधी ऐकली नव्हती, आणि पुन्हा ऐकायला येऊ नये. मला खाली बघायचं धाडस होईना. मी भित्रा माणूस. सागाच्या बुंध्याला धरून डोळे मिटून उभा राहिलो.

आणि खालून उत्तर आलं. "काय शे हो बाबा?"

भटू खालच्या वळणावरून वर येत होता. पायी. एका हातात तेलाची बाटली आणि खांद्यावर सायकल.

आत्माराम धावत जाऊन त्याचे हातपाय चाचपू लागला. मीच विचारलं, "अरे, खांद्यावर का?"

"नाना, पहिला वळणवर कुरकुर करे लागनी. मांगलं चाक फ्रेमले घासे लागनं." भटूने सायकल खाली ठेवली आणि थोडा ओशाळला. "तुमनी गोष्ट आठवनी. सायकल कुरकुरली की आधी उतर. मी उतरी गऊ. म्हनलं, पोरं हासोत. चालतच गऊ पाड्यावर. चाक फिरे ना, मंग खांदावर लिधी."

मी चुंबक काढलं. गरज नव्हती, पण काढलं. मधल्या पाइपाला लावलं आणि सोडलं. ते खडीत पडलं. मग मी एका पायाने फ्रेम दाबली आणि आसनाखालचा पाइप दोन्ही हातांनी ओढला. फार जोर लागला नाही. भुईतून मुळा उपटावा तसा पाइप टोपणातून निघून माझ्या हातात आला. आतून पांढरी भुकटी सांडली. पाइपाची कड नखाने दाबली तर वाकली.

भटू त्या पाइपाकडे बघत राहिला, मग त्याने वरच्या वाटेकडे पाहिलं, मग दरीकडे. तेलाची बाटली त्याने हळूच जमिनीवर टेकवली आणि तिथेच बसला.

मी मनात म्हटलं होतं की आज आत्मारामला चांगला फैलावर घेईन. इतक्या वर्षांच्या थट्टेचा हिशोब होता. पण त्याचा चेहरा पाहिला आणि शब्द गिळले. मला त्या बाईचीही आठवण झाली. तिने जी सायकल घेऊन समुद्र ओलांडून इथवर येण्याची हिंमत केली, ती आमच्या हातून अशी संपली, याचं वाईट वाटलं. आजही वाटतं. ती सायकल आज असती तर कुणा हौशी पोराने काचेच्या कपाटात ठेवली असती.

वर आरतीची घंटा सुरू झाली. ज्योत तेलासाठी थांबली होती. भटू उठून सायकल उचलायला वाकला, तर आत्मारामने त्याचा हात बाजूला केला. "तू तेल ले," म्हणाला. निघालेला पाइप त्याने काखेत धरला, ती मोडकी फ्रेम स्वतःच्या खांद्यावर घेतली आणि अनवाणी चढ चढू लागला. मी हात द्यायला गेलो, त्याने घेऊ दिला नाही. चार पावलं गेला आणि थांबला. वळला तेव्हा त्याचे डोळे भरून वाहत होते.

"हलकी शे रे नाना," तो म्हणाला. "पिंपमा टाकी तवय बी इतलीच हलकी व्हती. मना हातमा व्हती, अन् माले समजनं नही."